धोटा आणि प्याला

शास्त्रपाठ: गलतीकरांस पत्र, अध्याय 2, ओव्या 11 ते 14, याकोबाचें पत्र, अध्याय 2, ओव्या 1 ते 9.

आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण पोटासाठीं मुंबईस जातात. तेथें काम देणारा कधीं हातांचें कसब पाहतो, तर कधीं आधीं आडनांव विचारतो. आडनांव ऐकून काम नाकारलें, तर ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें? ह्याचा विचार आम्ही मुंबईंतील एका खऱ्या गोष्टीवरून करूं इच्छितों.

परळ व लालबाग येथें पूर्वीं कापडाच्या पुष्कळ गिरण्या होत्या. अस्पृश्य म्हटलेल्या बांधवांस सूत कातण्याच्या खात्यांत काम मिळे. परंतु विणकामाच्या खात्यांत, जेथें मजुरी अधिक, तेथें त्यांस मज्जाव असे. कारण हें कीं, धोट्यांत नवी कांडी घातली म्हणजे तिचें सूत धोट्याच्या छिद्रांतून तोंडानें ओढून काढावें लागे. एकाच्या ओठांस लागलेला धोटा आपल्या ओठांस कसा लावावा, असें म्हणून इतर विणकर विटाळ मानीत.

1928 सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. त्या वेळीं परळच्या चाळींत राहणारे डॉ. आंबेडकर ह्यांनीं संपाच्या पुढाऱ्यांस स्पष्ट सांगितलें कीं, विणकामाचें खातें आमच्या लोकांसहि खुलें करावें, ही मागणी तुमच्या मागण्यांत नसेल तर आम्ही आमच्या लोकांस संपांत येऊं देणार नाहीं. पुढाऱ्यांनीं तें नाखुशीनें मान्य केलें. मालक म्हणाले, हा अन्याय आमचा नव्हे. मालक कामगारांकडे बोट दाखवीत, कामगार रूढीकडे. आणि दार मात्र बंदच राही. आज त्या बहुतेक गिरण्या बंद झाल्या आहेत. तरी आडनांवाचा प्रश्न संपलेला नाहीं.

आतां आपला पाठ पाहा. अंत्युखियांत पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. याकोबाकडून कांहीं जण आले, तेव्हां तो भ्याला व वेगळा बसूं लागला. बर्णबाहि त्याच्या मागें गेला. त्यांच्या मनांत द्वेष नव्हता. लोक काय म्हणतील, हें भय होतें. पौलानें मागें कुजबुज केली नाहीं. सर्वांसमक्ष त्याच्या तोंडावर त्याची चूक दाखविली.

ह्यावरून तीन गोष्टी शिकाव्या. पहिली, अपमान लाजेनें गिळूं नये. लाज करणाऱ्याची आहे, सोसणाऱ्याची नव्हे. पोटासाठीं जो आडनांव लपवितो त्यास आम्ही दोष देत नाहीं; परंतु त्यास तें लपवावें लागूं नये, म्हणून आपण झटावें.

दुसरी, एकट्यानें भांडूं नये. काय घडलें, केव्हां, कोणासमक्ष, हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें व पाळकांस आणि कामगार संघटनेस सांगावें. राज्यघटनेच्या 17 व्या कलमानें 1950 सालीं अस्पृश्यता नष्ट केली आहे, व 1955 च्या कायद्यान्वयें त्या कारणावरून नोकरीधंद्यांत आडकाठी करणें हा गुन्हा आहे. तथापि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळें ख्रिस्ती झालेल्यांस अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहींत. म्हणून आपणांस एकमेकांचा आधार अधिकच लागतो.

तिसरी गोष्ट आपल्याच घरची आहे. प्रभुभोजनाचा प्याला पुढें येतो, तेव्हां आपल्याआधीं कोणाचे ओठ त्यास लागले, हें आपण मनांत मोजतों काय? मुलीचें लग्न ठरवितांना पूर्वींची जात विचारतों काय? तसें असेल, तर धोट्याचा विटाळ मानणाऱ्यास आपण कोणत्या तोंडानें बोलणार?

मंडळींत विचारण्यासाठीं प्रश्न: पेत्र कोणास भ्याला? आपण कोणास भितों? आपल्या गांवचा कोणता तरुण आज कामावर एकटा पडला आहे, व त्याच्यासाठीं ह्या आठवड्यांत कोण जाईल?