पानांनी पाणी पिणारी एक्मिया

ब्राझीलच्या आग्नेय भागातील दमट अरण्यांत वृक्षांच्या फांद्यांवर एक देखणी वनस्पती वाढते. तिचे नाव एक्मिया फॅसिआटा. अननसाच्या कुलातील ही वनस्पती आज जगभर कुंड्यांतून लावली जाते. परंतु इतर फुलझाडांप्रमाणे मुळांशी भरपूर पाणी घातल्याने ती अनेकदा कुजते. तिच्या संगोपनाचे मर्म तिच्या मूळ राहणीत आहे.

एक्मिया झाडावर वाढत असली, तरी ती बांडगूळ नव्हे. आधारवृक्षाचा रस ती शोषीत नाही. तिच्या मुळांचे मुख्य काम फांदी घट्ट धरून ठेवण्याचे. पाण्याची तरतूद पाने करतात. काटेरी कडांची रुंद पाने बुडाशी एकमेकांना बिलगून मध्यभागी पेला तयार होतो आणि त्यात पावसाचे पाणी साठते. पानांवरील रुपेरी पट्टे सूक्ष्म खवल्यांचे असून, हे खवले पाणी व क्षार शोषून घेतात. म्हणून पाने घासून पुसू नयेत.

कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा व थोडे पानखत यांचे मोकळे मिश्रण भरावे. ते केवळ ओलसर असावे. पेल्यात स्वच्छ, शक्यतो पावसाचे पाणी ठेवावे. डासांची पैदास टाळण्यासाठी ते दर आठवड्यास पूर्णपणे ओतून टाकून ताजे भरणे अत्यावश्यक आहे. रोपास प्रखर ऊन नको. उजेड मात्र भरपूर हवा.

पूर्ण वाढलेल्या रोपाच्या मध्यातून गुलाबी छदांचा तुरा वर येतो. त्यातील निळी-जांभळी फुले लवकर कोमेजतात. छदे मात्र काही महिने टवटवीत राहतात. वाढलेले रोप फुलत नसल्यास पेला रिकामा करून ते पिकलेल्या सफरचंदासह आठ-दहा दिवस प्लॅस्टिकच्या पिशवीत झाकून ठेवतात. फळातून निघणाऱ्या एथिलीन वायूमुळे फुलोऱ्यास चालना मिळते. अननसाच्या बागा एकाच वेळी फुलविण्यासाठी इथ्रेल वापरतात, त्यामागील तत्त्वही हेच होय.

रोप एकदाच फुलते व नंतर हळूहळू सुकते. ते मेले असे समजून फेकून देणे ही मोठी चूक ठरते. केळीचा घड उतरल्यावर जसा मुनवा पुढे वाढतो, तसेच येथेही बुंध्याशी फुटवे येतात. ते जुन्या रोपाच्या निम्म्या उंचीचे झाले म्हणजे धारदार चाकूने वेगळे करून लावावेत. तोपर्यंत सुकत चाललेले रोप काढू नये. त्याच्याच आधारावर पुढची पिढी वाढत असते.