उशाजवळचे टेबल

एक सुतार होता. हात चांगला, काम नेटके. तालुक्याच्या गावी एका इस्पितळाने त्याच्याकडून बारा टेबले करून घेतली. आजाऱ्याच्या खाटेशेजारी, उशाजवळ ठेवतात ती. लाकूड सागवानी, पॉलिश आरशासारखे. डॉक्टरांनी शाबासकी दिली. पैसेही वेळेवर मिळाले.

पुढे वर्षभराने त्याची आई अंगणात पडली. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले आणि तिला त्याच इस्पितळात ठेवले. शेजारी टेबल होते ते लेकाच्याच हातचे. म्हातारी येईल-जाईल त्याला सांगे, "हे माझ्या लेकानं केलंय बरं का."

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. पाहतात तो म्हातारीची जीभ कोरडी, ओठ फुटलेले. रात्रभरात लघवीही फार थोडी झाली होती.

"आजी, पाणी पीत नाही का?"

म्हातारी गप्प. सुतार म्हणाला, "साहेब, तांब्या भरून ठेवतो की मी. तो बघा टेबलावर."

तांब्या भरलेला होता खरा. पण तो कालचा, तसाच भरलेला होता.

तिथल्या नर्सबाई जाणत्या होत्या. त्या सुताराला म्हणाल्या, "दादा, ही खाट रिकामी आहे. जरा आडवे होता का? हां. आता न उठता तांब्या घ्या बघू."

सुताराने हात लांब केला. टेबल खांद्याच्याही मागे, भिंतीला लागून. वर काय कुठे ठेवले आहे ते दिसेना. बोटे तांब्याला लागली, पण धरता येईना. शेवटी तो कुशीवर वळला, तेव्हा जमले.

"आजींना कुशीवर वळायची मनाई आहे," बाई म्हणाल्या.

"मग मला उठवायचं, आई!"

"अरे, दिवसभर राबून येतोस," म्हातारी हळूच म्हणाली. "घोटभर पाण्यासाठी कशाला उठवू?"

सुतार काही बोलला नाही. दुपारी तो घरून टेप, दोरी आणि खडू घेऊन आला.

चूक कुठे झाली ते आता पाहू. साधी लोखंडी खाट सुमारे २४ इंच उंच असते. वर ४ इंचांची गादी. म्हणजे माणूस जमिनीपासून २८ इंचांवर निजतो. सुताराचे टेबल होते ३६ इंच. ते त्याने उभ्याने मापले होते, आपल्या कमरेला लावून. उभ्या माणसाला ते सोयीचेच. नर्सबाईंना औषधे मांडायची असतात, पट्टीचे सामान ठेवायचे असते. दिवसभर वाकून त्यांची पाठ धरते. त्यांची सोय पाहिलीच पाहिजे. पण निजलेल्या माणसाला ते टेबल ८ इंचांनी उंच पडले.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्ट या संस्थेत ब्रूस आर्चर आणि त्यांच्या सोबत्यांना १९६० नंतरच्या काही वर्षांत अशीच अडचण खाटेची सोडवायची होती. त्यांनी वरखाली होणारी खाट केली. बाई काम करताना ती वर घ्यायची, आजारी उतरताना खाली. आपल्या सुताराला यंत्र करायचे नव्हते. त्याने दोघांसाठी दोन जागा केल्या. वरची फळी बाईंसाठी तशीच ठेवली. तिच्याखाली, जमिनीपासून ३० इंचांवर, एक सरकती फळी बसवली. ती भिंतीकडून पायांच्या बाजूला सरकते आणि आजाऱ्याच्या कोपराशेजारी येते.

किती सरकायला हवी? त्याने आईच्या कोपरापासून मुठीपर्यंत दोरी धरली. १३ इंच भरली. कोपर न उचलता तिचा हात तेवढाच फिरणार. मग तांब्याची जागा त्या १३ इंचांच्या आतच हवी.

पहिल्या खेपेला फळी फार लांब झाली. टोकावर भरलेला तांब्या ठेवताच टेबल डोलले. मग त्याने फळी आखूड केली, टेबल स्वतःच पुढे ओढून ठेवले आणि जड सामान तळच्या खणात घातले. फळी एका हाताने ओढता यावी म्हणून खाचेला मेण लावले. एका हाताला सलाईन असले की दुसराच हात उरतो. त्या वेळी टेबल खाटेच्या दुसऱ्या बाजूला न्यावे लागते, म्हणून फळी दोन्हीकडून सरकेल अशी केली. कडेला अर्धा इंच पट्टी मारली. पेला घसरत नाही. एक कोपरा मात्र उघडा सोडला, नाहीतर सांडलेले पुसायचे कुठून?

चाकांचा मोह त्यालाही झाला. चार चाके लावली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा टेबलाला धरून उठायला गेले, तर टेबल निघाले चालायला! बाईंनी आजोबांना सावरले म्हणून बरे. टेबलाला धरू नका असे सांगता येते, पण माणूस धरतोच. आता चाके दोनच आहेत, मागच्या बाजूला. टेबल कलते केले तरच ती जमिनीला टेकतात.

पॉलिशचे मात्र त्याला वाईट वाटले. फिनेलच्या फडक्याने ते केव्हाच उडाले होते. वरून त्याने सनमायका लावला. तळचा खण जमिनीपासून सहा इंच वर घेतला, म्हणजे फरशी पुसता येते. लघवीचे भांडे टेबलावर नाही, खणातही नाही. त्याला खाटेच्या दांडीला वेगळी कडी केली.

उरलेली अकरा टेबलेही त्याने तशीच बदलली. मजुरी घेतली नाही. लाकडाचे पैसे घेतले.

तुमच्या घरी कोणी अंथरुणावर असेल तर नवे टेबल करायला नको. स्टूल चालते, खोकेही चालते. आधी तुम्ही त्या जागी निजून पाहा. डोके उशीवर, कोपर गादीवर. हात जिथवर सहज जातो तिथे खडूने खूण करा. पाणी, चष्मा, हाक मारायची घंटी, एवढे खुणेच्या आत ठेवा. तांब्या जड असतो. त्याऐवजी अर्धे भरलेले फुलपात्र ठेवा, वर झाकण. आणि सकाळी त्यात किती पाणी उरले आहे ते बघा.