एआयची सीट हुकली? बिघडलं काय!

‘कॉम्प्युटर नाही मिळालं, तर एआय-डेटा सायन्स घेऊन टाकू का? कॉलेज कुठलंही चालेल.’ सीईटीचा निकाल लागून कॅपच्या फेऱ्या सुरू झाल्या, की समुपदेशकांना हा प्रश्न दिवसभर ऐकावा लागतो. विचारतात बहुधा वडील. मुलगा शेजारी गप्प. शाखेच्या नावासाठी लाखो रुपये मोजायला तयार असलेल्या या पालकांना तिथे शिकवतं कोण, हे विचारावंसं वाटत नाही.

त्याऐवजीचे मेडिकल, सीए, स्पर्धा परीक्षा हे रस्ते सगळ्यांना पाठ आहेत. बोलायला हवं ते सुदूर संवेदनाबद्दल, म्हणजे मुख्यतः परावर्तित प्रकाशावरून दुरूनच माती, पाणी आणि सजीव सृष्टी ओळखण्याच्या शास्त्राबद्दल.

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेतं. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र भरभरून परत पाठवतं. रोग पडला की हे गणित बिघडतं. १९७० मध्ये हवामानशास्त्रज्ञ डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या चमूने केरळमधल्या नारळाच्या बागांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर छायाचित्रं घेतली आणि मुळांच्या रोगाने ग्रासलेली झाडं त्यांत वेगळी ओळखू आली. भारतातलं सुदूर संवेदन तिथून सुरू झालं, असं मानतात. मातीचंही तसंच. विदर्भातली काळी माती डोळ्यांना नुसती काळी दिसते. वर्णपटात मात्र १४०० आणि १९०० नॅनोमीटरजवळ पाण्याच्या, तर २२०० जवळ चिकणमातीतल्या खनिजांच्या खुणा सापडतात.

‘चांद्रयान-१’वरच्या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या खुणा टिपल्या, त्याही परावर्तित सूर्यप्रकाशातच; ती बातमी २००९ ची. त्याआधी, डिसेंबर १९९० मध्ये ‘गॅलिलिओ’ यान पृथ्वीजवळून गेलं, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या नोंदी परक्या ग्रहाच्या असाव्यात तशा तपासल्या. जमिनीवरून येणारा प्रकाश तांबड्या रंगात ठळकपणे शोषला गेलेला दिसला. ती हरितद्रव्याची खूण होती.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ‘हे सगळं आता एआयच करेल.’ करेल ना, पण सह्याद्रीतल्या कड्याची सावली आणि तलावाचं पाणी, उपग्रहाच्या चित्रात दोन्ही काळीच दिसतात. सावलीला तलाव ठरवणाऱ्या प्रोग्रामची चूक पकडायला भूगोल आणि भौतिकशास्त्र कळणारा माणूस लागतो. नुसतं कोडिंग शिकलेल्याचं ते काम नव्हे.

या क्षेत्रात येण्यासाठी भौतिकशास्त्र, भूगर्भशास्त्र, भूगोल, कृषी किंवा सिव्हिलची पदवी चालते. पुढे डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था म्हणजे आयआयआरएस (स्थापना १९६६), आयआयटी मुंबई, पुणे विद्यापीठ आहेत. नागपुरात तर महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था अशा दोन्ही आहेत. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावीच लागते, त्यातून सुटका नाही.

अडचण असते ती घरात. मुलगी भूगोल घ्यायचा म्हणाली, की ‘आर्ट्सला जाणार?’ म्हणून आई-वडील लोकांपुढे ओशाळतात आणि समुपदेशकाला ‘तिला जरा समजवा’ म्हणून गळ घालतात. समजावण्याची गरज असते ती त्यांनाच. चार नातेवाइकांना सांगायला बरं वाटावं म्हणून मुलीची चार वर्षं आणि घरातली ठेव खर्ची घालणं, याला काळजी म्हणत नाहीत.

अर्थात इथेही सुखाची शेज नाही. सरकारी जागा थोड्या निघतात, खासगी कंपनीत सुरुवातीचे महिने नकाशे गिरवण्यात जातात, उन्हातान्हात शेताच्या बांधावर जाऊन नमुने घ्यावे लागतात. शेवटच्या वर्षात भरघोस पॅकेज हातात पडावं, एवढीच अपेक्षा असेल तर इकडे फिरकू नये.

पण मुलाला खरंच ओढ आहे का, हे तपासायला फी भरावी लागत नाही. ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, आयआयआरएसचे कित्येक ऑनलाइन अभ्यासक्रमही मोफत असतात. आपल्या तालुक्याचं मे महिन्यातलं आणि ऑक्टोबरमधलं चित्र मुलापुढे उघडून ठेवा, आणि पालकांनो, तेवढा वेळ त्या खोलीत थांबू नका.