पाणचक्की आणि ‘आपोआप’ फिरणारी चाके

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाणचक्की प्रथमच पाहणाऱ्यास अचंबा वाटतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील या चक्कीला ना बैल जुंपलेला, ना इंजिन जोडलेले. तरीही तिच्या जात्यावर फकीर व यात्रेकरू यांच्यासाठी दळण होत असे. शहराच्या उत्तरेकडील झऱ्याचे पाणी जमिनीखालील नळांतून आणून ते उंचावरून चाकाच्या पात्यांवर सोडले आहे. पाणी आटले की चाक थांबते. वर गेलेले पाणी खाली उतरते, त्या उताराच्या बळावर ही चक्की फिरते. आणि ते पाणी वर नेण्याचे काम सूर्य व पाऊस करीत असतात.

याहून निराळ्या चाकाचे वर्णन भास्कराचार्यांनी 1150 साली रचलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त आढळते. पोकळ आऱ्यांत निम्मा पारा भरून तोंडे बंद केलेले चाक आपोआप फिरत राहील, अशी ती कल्पना. आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दिलेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. त्यांच्या गणिताविषयी आदर बाळगूनही हे म्हटले पाहिजे की, असे चाक फिरत राहत नाही. एका फेऱ्यात पारा जेवढा खाली येतो, तेवढाच त्याला पुन्हा वर चढावे लागते. उतरताना मिळालेले चढताना खर्ची पडते, आणि आसाचे घर्षण वरखर्च म्हणून उरतेच. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर 1775 सालीच अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणे बंद केले.

आज हीच कल्पना नव्या वेषात गावोगाव येऊ शकते. उंच टाकीतील पाण्यावर जनित्र चालवावे आणि त्याच विजेवर पंप लावून पाणी टाकीत परत चढवावे, वीजबिल शून्य! येथे हिशेबच करून पाहावा. 1,000 लिटर पाणी 10 मीटर चढविण्यास किमान 0.027 युनिट लागते. पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरली, तर प्रत्यक्ष खर्च 0.045 युनिट. तेच पाणी खाली सोडून सत्तर टक्के ऊर्जा हाती आली, तरी मिळते 0.019. निम्म्याहून अधिक वीज वाटेतच जिरली.

पैठणच्या जायकवाडी धरणावरील 12 मेगावॅटचा संच वीजनिर्मिती करण्यासाठी, तसेच उलट चालवून पाणी वर चढविण्यासाठी योजलेला आहे. तेथेही चढविण्याचा खर्च मिळकतीहून अधिकच असतो. मागणी कमी असतानाची वीज मागणीच्या वेळेसाठी साठविणे, एवढाच त्यामागील हेतू. त्यात लपवाछपवी काही नाही.

विक्रेते बहुधा एकस्व अर्जाची पोच दाखवितात. अर्ज केला म्हणजे एकस्व मिळाले असे नव्हे. शिवाय एकस्व अधिनियम, 1970 च्या कलम 3 (क) नुसार सुप्रस्थापित नैसर्गिक नियमांशी उघडपणे विसंगत दाव्यास शोध मानलेच जात नाही.

ग्रामनिधीतून रक्कम देण्यापूर्वी सरपंचांनी व ग्रामसेवकांनी चाचणीचा आग्रह धरावा. यंत्र बाहेरच्या वीजजोडणीपासून संपूर्ण तोडावे, खोके उघडून आत बॅटरी नाही ना ते पाहावे, आणि मोजलेला भार जोडून ते काही दिवस अखंड चालू ठेवावे. दहा मिनिटांचे प्रात्यक्षिक पुरेसे नाही. जड गतिपालचक्र तेवढा वेळ साठविलेल्या ऊर्जेवरही फिरू शकते. मीटर व कुलूप पंचायतीचे असावे. ‘आतील रहस्य फुटेल’ म्हणून विक्रेता नकार देईल, तर आगाऊ रकमेचा प्रश्न तेथेच मिटतो.