डेमो नको, मधला तास दाखवा

घरी शिकणाऱ्या एका १३ वर्षांच्या मुलाची ही आई. लेखही तिनेच लिहिला आहे. पण घडल्या प्रकारात तिच्या हुशारीचं दर्शन फारसं होत नसल्यामुळे स्वतःचा उल्लेख ‘बाई’ असा करण्याची सवलत तिने घेतली आहे.

मुलगा सहावी संपवून शाळेतून बाहेर पडला. भाषा, गणित, इतिहास सकाळी घरीच, बालभारतीच्या पुस्तकांवरून. ती ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, त्यामुळे तो खर्च नव्हता. अडचण होती ती दुपारची. १२ ते १४ हा घरी शिकणाऱ्यांचा अडनिडा काळ. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा शाळेचीच भाषा बोलतो, घरी शिकण्याची वेगळी तरतूद त्यात नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची दहावी द्यायची तर वयाची १४ वर्षं पूर्ण व्हावी लागतात. तोवर ना परीक्षा, ना प्रगतिपुस्तक. शेजारणीने ‘सध्या काय करतो हो तुमचा?’ असं सहज विचारलं तरी बाईंच्या पोटात गोळा यायचा. शॉर्ट कोर्स विकणाऱ्यांना हा गोळा फोनवरूनसुद्धा ऐकू येतो.

एका रविवारी ११ वाजता अशाच एका कोर्सच्या डेमोसाठी लॅपटॉपसमोर तिघं बसले. तिघं, कारण ‘आई-बाबा दोघंही हवेत’ ही अट तीनदा बजावली होती. (‘घरी बोलून कळवतो’ ही पळवाट बंद करायला ती अट असते, हे नंतर उमगलं.) पडद्यावरच्या उत्साही ताईंनी २० मिनिटांत मुलाकडून एक खेळ बनवून घेतला. बनवून म्हणजे, मुलाने तीन ठोकळे एकाखाली एक ओढले. बाकी सगळं आधीच रचून ठेवलेलं होतं. ससा उड्या मारायला लागला, पडद्यावर रंगीत कागद उधळले गेले, मुलाच्या नावाचं प्रमाणपत्र झळकलं. मग ‘काउन्सेलर’ आले. २०१६ मध्ये दहावी-बारावी न देता मुंबईची एक मुलगी अमेरिकेतल्या एमआयटीत गेली, तसं तुमच्याही मुलाचं होऊ शकतं, म्हणाले.

ती गोष्ट खरी आहे, पण त्यांनी अर्धीच सांगितली. त्या मुलीला प्रवेश मिळाला तो आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिम्पियाडमधल्या तीन पदकांवर, आणि त्यामागे काही वर्षांचा स्वतःहून केलेला अभ्यास होता. बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार मात्र तिला बंदच होतं. रविवारच्या ससेउड्यांचा यातल्या कशाशीही संबंध नाही. पण समोर मुलगा हसत होता आणि बाईंनी होकार दिला.

कोडिंग, ॲनिमेशन, पब्लिक स्पीकिंग आणि पैशाचं व्यवस्थापन असे चार शॉर्ट कोर्स, एकूण ४८ तास. ३६,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२,४८०. ‘नो-कॉस्ट’ हप्ता महिना ४,७२०, नऊ महिने.

चौथ्या तासापर्यंत मुलगा स्वतःहून लॅपटॉप उघडत होता. सातव्या तासाला बाई चहाचा कप घेऊन त्याच्या मागून गेल्या. कॅमेरा बंद. ताई बदललेल्या, नव्या ताई पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवत होत्या. चिरंजीव दर दीड मिनिटाने ‘येस मॅम’ म्हणत होते आणि पायाच्या अंगठ्याने सतरंजीची दशी ओढत होते. अर्धी सतरंजी उसवली होती. अकराव्या तासाला त्याने सांगून टाकलं, “आई, त्यांना माझं उत्तर नको असतं. मी जागा आहे एवढंच हवं असतं.”

पैसे परत मागितल्यावर कागद वाचायची वेळ आली. परताव्याची मुदत सात दिवस, मोजणी पैसे भरल्याच्या दिवसापासून. आणि पहिला वर्गच लागला होता दहाव्या दिवशी! ‘हप्ता’ म्हणजे बाईंच्या नावावरचं एका वित्त कंपनीचं कर्ज निघालं. ते बुडवलं तर सिबिलवर डाग पडणार बाईंच्या, कोर्सवाल्यांच्या नव्हे. डिजिटल कर्ज घेतल्यावर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बाईंना तो कळेपर्यंत मुदत टळून गेली होती. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका, असा इशारा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना दिला होता. तोही बाईंनी वाचला तिसरा हप्ता कापला गेल्यावर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली तेव्हा उरलेल्या तासांपैकी काहींचे पैसे परत आले. सगळे नाहीत.

दरम्यान मुलाच्या सायकलचं मागचं चाक वाकडं फिरायला लागलं.

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या टपरीत सायकलवाले काका बसतात. मुलगा चाक घेऊन गेला तो दोन तास परतलाच नाही. काका ‘आऊट’ काढत होते: चाक उलट्या सायकलवर फिरवायचं, रिमला खडू टेकवायचा, जिथे घासेल तिथला आरा सैल आणि समोरचा पाव फेरा घट्ट. एका चाकात ३६ आरे. एक आवळला की दुसरीकडचं बिघडतं. मुलाने अर्धा फेरा जास्त पिळला तर काका काही बोलले नाहीत, चाक पुन्हा फिरवून फक्त खडू पुढे केला. घरी आला तेव्हा हात काळे, आणि तोंडाला खळ नाही.

आठ रविवार शिकवाल का, असं बाईंनी विचारलं. काका कचरले. “ताई, उद्या कुणी म्हणेल पोरगं कामाला ठेवलंय.” त्यांची भीती खोटी नव्हती, बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला अशा दुकानात कामाला ठेवणं हा गुन्हा आहे. तोडगा निघाला तो असा: सायकल घरचीच, गिऱ्हाइकाच्या कामाला हात लावायचा नाही, आणि बाईंनी समोरच्या कट्ट्यावर बसायचं. रविवारी १०० रुपये ठरले. पंक्चर, छर्रे बदलणं, ब्रेकची वायर, चेन. आठव्या रविवारी मुलाने अख्खी सायकल सुटी करून पुन्हा जोडली. एक वायसर उरला, पण सायकल चालली.

काकांनी त्याला व्हॉल्व्हच्या नळीचा हातभर तुकडा दिला होता. तिथून गाडी विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांकडे वळली. १९७८ मध्ये टेल्कोतून रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले आणि काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-नळीने जोडायचा मेकॅनो त्यांनी तिथे बनवला. त्यांची खेळणी आणि पुस्तकं, मराठीसुद्धा, त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. मुलाने चार काड्यांचा चौकोन केला, तो कलला. तीन काड्यांचा त्रिकोण हलेना. रात्री साडेदहाला तो जिन्याखाली सायकलचा सांगाडा टॉर्चने बघत होता.

पुण्यात असाल तर आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका याच वाटेवर आहे. तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’, पुलंची आठवण ठेवणारं. दुसऱ्या शनिवारची मुलांसाठीची व्याख्यानं ही आयुकाची जुनी प्रथा. मुंबईकरांना मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. हाताने काम करण्याची गोडी टिकली तर शिरूर तालुक्यातलं पाबळ: १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी सुरू केलेला विज्ञान आश्रम. तिथला मुख्य अभ्यासक्रम मात्र वर्षभराचा आणि निवासी, तो थोड्या मोठ्या मुलांसाठी. गाण्या-वाजवण्यात रस असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना शाळेच्या दाखल्याची गरज नाही, केंद्रामार्फत वर्षातून दोनदा बसता येतं.

दाखल्याचा काच इतरत्र जाणवतो. बऱ्याच शिबिरांच्या अर्जात ‘शाळेचं नाव’ आणि मुख्याध्यापकांची सही हे रकाने असतात. बाईंनी एकदा तिथे रेघ मारली, अर्ज परत आला. आता त्या आधी फोन करतात, जन्मदाखला जोडतात आणि रकान्यात ‘घरी शिक्षण’ असं स्वच्छ लिहितात. दोन ठिकाणी चाललं, एका ठिकाणी नाही. घरी शिकणाऱ्यांकडे एक हुकमाचा पत्ता मात्र असतो: सकाळची वेळ. क्लासवाल्यांच्या जागा तेव्हा ओस असतात. सकाळी ११ ला चार मुलं आणतो म्हटलं की फी उतरते. चार आणावीतच, घरी शिकणाऱ्या मुलाला कोडिंगपेक्षा आपल्याच वयाच्या पोरांशी भांडायची संधी जास्त हवी असते.

कोर्स निवडताना बाई आता तीनच गोष्टी बघतात. सहा ते आठ वेळांत संपतो का? पैसे दर वेळी किंवा दर महिन्याला देता येतात का? आणि तिसरी, जिच्यावर शहाणे शिक्षक हसतात आणि विकणारे गप्प होतात: पहिला तास नको, दुसऱ्या कुणाचा तरी मधला, पाचवा-सहावा तास मागे बसून बघू द्याल का? डेमो सगळ्यांचेच छान असतात. पाचव्या तासाला मुलं काय करताहेत, प्रश्न कोण विचारतंय, एखाद्याचं चुकलं तर शिकवणारा काय करतो, हे दहा मिनिटांत कळतं. एका रोबोटिक्सच्या क्लासने ‘पॉलिसीत बसत नाही’ असं कळवलं. तिथला फोन अजून दर आठवड्याला येतो.

मागच्या महिन्यात मुलाने कुंभारकामाचं काढलं. शिकवणाऱ्या मावशींना बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मावशी म्हणाल्या, “गुरुवारी या, पण जुने कपडे घालून. चाकाला कुणी हात लावत नाही त्या दिवशी. नुसती माती मळतात, कंटाळतात पोरं.”

गुरुवारी दोघंही गेले.