दुकान टाकताय? आधी तीन आराखडे काढा

इंजिनिअरिंग झालेली बरीच मुलं माझ्याकडे येतात, ‘सर, दुकान टाकायचंय.’ हुशार असतात, पण परीक्षेची सवय सुटत नाही: प्रश्न आला की सूत्र, आणि उत्तर एकच. आर्किटेक्टला वेगळं शिकवतात. आधी जागेवर जा, माणसं कशी वावरतात ते बघ, मग दोन-तीन कच्चे आराखडे काढून चार जणांसमोर ठेव. ते चुका काढणारच! पवईच्या आयआयटीत १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं. तिथे इंजिनिअर आणि आर्किटेक्ट एकत्र डिझाइन शिकत आलेत. तीच पद्धत आपण दहा बाय बाराच्या गाळ्याला लावू.

समजा, नालासोपाऱ्यात स्टेशनजवळ गाळा बघताय. डिपॉझिट देण्याआधी सकाळी जा, दुपारी जा, रात्री नऊलाही जा. सकाळची गर्दी लोकलसाठी धावते, थांबत नाही. गिऱ्हाईक परतीच्या वाटेवर मिळतं, म्हणजे रस्त्याची बाजू कुठली हे महत्त्वाचं. पावसात पाणी कुठवर चढतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा. जुलै २०१८ आठवतोय ना? तळाच्या फळीवर माल नको, हे आराखड्यातच आलं पाहिजे.

मग गच्चीवर तेवढीच जागा खडूने आखा. काउंटर दारापाशी, आत, बाजूला, असा तीन प्रकारे. दुसरा आराखडा सगळ्यात जड जातो, कारण पहिल्याच्या प्रेमात पडलेलो असतो! प्रत्येक वेळी मित्राला पिशवीसकट गिऱ्हाईक म्हणून आत आणा, कुठे अडतो बघा. खडूची रेघ पुसता येते. सुताराने प्लायवूड कापलं की पैसे गेले.