उपवास आणि शरीरांतील इंधन

एकादशीच्या दिवशीं मधल्या सुटींत डबे उघडले म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीचा वास वर्गभर दरवळतो. "सर, आज माझा उपवास!" असें एका विद्यार्थ्यानें मला अभिमानानें सांगितलें, तेव्हां त्याच्या डब्यांत खिचडी, बटाट्याची भाजी आणि दोन केळीं होतीं. व्रत म्हणून तो उपवास खराच. त्याविषयीं मी कांहीं बोलत नाहीं. पण त्याच्या यकृतास मात्र त्या उपवासाची वार्ताही लागली नसेल. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यांत सुमारें ८५ ग्रॅम पिष्टच असतें, आणि पिष्ट म्हणजे पोटांत गेल्यावर साखर.

ही साखर रक्तांत उतरली कीं स्वादुपिंडांतून इन्शुलिन पाझरतें व त्याच्या योगें ती पेशींच्या उपयोगीं पडते. कांहीं भाग यकृतांत ग्लायकोजेनच्या रूपानें सांठतो. ही शिल्लक फार मोठी नाहीं. प्रौढ माणसांत ती १०० ग्रॅमच्या आसपास. रात्रीच्या जेवणानंतर बारा ते सोळा तास कांहींच न खाल्ल्यास ती बरीच ओसरते, इन्शुलिन उतरतें, आणि अंगावरील चरबी मोडूं लागते. तिच्यापासून यकृत ॲसिटोॲसिटिक आम्ल व बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल तयार करतें, आणि पहिल्यापासून थोडें ॲसिटोन सुटतें. हींच कीटोन द्रव्यें, आणि रक्तांत तीं वाढलेलीं असणें म्हणजे कीटोसिस.

हा सारा खटाटोप मुख्यतः मेंदूसाठीं. मेंदूस चरबी जशीच्या तशी जाळतां येत नाहीं, आणि स्नायू मोडून त्यांची साखर करीत बसलें तर मनुष्य लवकरच खंगेल. १९६७ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथें जॉर्ज केहिल व त्यांचे सहकारी यांनीं पांच-सहा आठवडे उपोषण करणाऱ्या तीन स्थूल रुग्णांच्या मेंदूकडे जाणारें व तेथून येणारें रक्त तपासलें. मेंदूचें बरेंचसें काम तेव्हां साखरेवर नव्हे, तर कीटोन द्रव्यांवर चाललेलें आढळलें.

आपल्या पुण्यानें दीर्घ उपोषणें फार जवळून पाहिलीं आहेत. महात्मा गांधींनीं १९३२ च्या सप्टेंबरांत येरवड्याच्या तुरुंगांत उपोषण केलें. १९३३ च्या मे महिन्यांत तेथेंच आरंभिलेलें एकवीस दिवसांचें उपोषण, सुटका झाल्यामुळें, पर्णकुटींत पुरें झालें. १९४३ सालीं १० फेब्रुवारी ते ३ मार्च या काळांत ते आगाखान महालांत उपोषणास बसले, त्या वेळीं त्यांचें वय ७३ वर्षांचें होतें. बाराव्या दिवसाच्या सुमारास प्रकृति अगदीं ढासळली. पाणीही घेववेना, तेव्हां त्यांत मोसंबीचा थोडा रस घालण्यांत आला. इतक्या उतारवयाचा देह तीन आठवडे तगला तो मुख्यतः अंगच्या चरबीवर. अर्थात् भोंवतीं डॉक्टरांचा पहारा होता, हें विसरूं नये.

अलीकडे महाराष्ट्रांत कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं सांगितलेली दोन वेळां जेवण्याची पद्धति घरोघरीं माहीत झाली आहे. दोनच जेवणें, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आंत. तिचा रोख कीटोसिसपेक्षां वारंवार वाढणाऱ्या इन्शुलिनवर आहे. सायंकाळीं सातला जेवून दुसऱ्या दिवशीं अकराला जेवणारा मनुष्य कीटोसिसच्या उंबऱ्याशीं जेमतेम पोंचतो. अशा खंडित उपवासानें अनेक प्रौढांचें वजन उतरतें हें खरें. पण रोजचें खाणें तेवढ्याच प्रमाणांत बेतानें कमी केलें तरी जवळजवळ तितकेंच उतरतें, असें प्रयोगांत बहुधा दिसून आलें आहे. यांत चमत्कार शोधूं नये.

मुलांची गोष्ट निराळी. मुलाचें यकृत लहान व मेंदू त्या मानानें मोठा. म्हणून शिल्लक लवकर संपते. शिवाय वाढीचें वय. नववीच्या मुलीनें बारीक होण्यासाठीं न्याहरी सोडावी आणि प्रार्थनेच्या वेळीं घेरी येऊन बसावें, हें मीं पाहिलें आहे.

पालकांनीं मात्र एक गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी. भरपूर जेवूनही मूल वाळत आहे, सारखें पाणी मागतें, रात्रीं लघवीस उठतें, आणि त्याच्या श्वासास पिकल्या फळासारखा वास येतो, तर हा उपवासाचा कीटोसिस नव्हे. इन्शुलिन मुळींच नसल्यामुळें रक्तांत साखर असून पेशी उपाशी राहतात, कीटोन द्रव्यें बेसुमार वाढतात व रक्त आम्ल होतें. असें मूल एक-दोन दिवसांतही बेशुद्ध होऊं शकतें. अशा मुलास त्याच दिवशीं इस्पितळांत न्यावें. १९२२ पूर्वीं अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणें एवढाच उपाय होता. त्या वर्षीं जानेवारींत कॅनडांतील टोरांटो येथें लेनर्ड टॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्शुलिन टोंचलें. पहिली मात्रा लागू पडली नाहीं. बारा दिवसांनीं अधिक शुद्ध केलेलें औषध दिलें, तेव्हां त्याच्या लघवींतील कीटोन द्रव्यें नाहींशीं झालीं, आणि तो पुढें तेरा वर्षें जगला.